आईसाठी चर्चमध्ये चार शब्द बोलायचेत? असं लिहा

अंत्यविधीच्या आदल्या रात्री कोणीतरी म्हणतं "तूच बोल", आणि मग आपण कागद घेऊन बसतो आणि पहिलं वाक्य येतं, ती आदर्श पत्नी, प्रेमळ माता, उत्तम शिक्षिका आणि श्रद्धाळू होती. मीही हेच लिहिलेलं आणि वाचून पाहिलं तर ते कोणाच्याही आईला चाललं असतं, म्हणून आधी ते खोडा.

बायबलमधली टबीथा आठवतेय का, प्रेषितांची कृत्ये अध्याय ९? ती जाते तेव्हा विधवा बाया रडत येशूच्या शिष्याला, पेत्राला, तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे दाखवतात, ती कशी होती यावर भाषण नाही देत. तुम्हालाही तेच करायचंय, कपडे दाखवायचे, म्हणजे आईने केलेल्या खऱ्याखुऱ्या गोष्टी.

ते शोधायचे कुठे? सगळ्यात आधी आईचं बायबल उघडा. कुठल्या ओळी अधोरेखित केल्यात, कुठे तारीख टाकलीय, पानात कोणाच्या बाळाचा फोटो ठेवलाय, यातून तिची श्रद्धा जेवढी कळते तेवढी "दर रविवारी न चुकता जायची" यातून नाही कळत. आणि वाचायचं वचनही तिच्या खुणांमधूनच निवडा. नीतिसूत्रे ३१ मधली सद्गुणी स्त्री बहुतेक सगळे घेतात, चूक काही नाही, पण तिने स्तोत्र १२१ वर रेघ मारली असेल तर तेच वाचा ना. (मुलांना, नातवंडांना तिनेच प्रार्थना शिकवली असेल तर २ तीमथ्य १:५ बघा, तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाबद्दल आहे, फार कमी लोक वापरतात.)

बाबांना "आई कशी होती" असं विचारू नका, ते गप्प बसतील. भांडण झालं की आधी कोण बोलायचं असं विचारा.. मग बघा.

शिक्षिका म्हणून मात्र घरच्यांना ती अर्धीच माहीत असते. आपण पेपरांचा गठ्ठा बघितलेला असतो, वर्गातली ती नाही, म्हणून दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांना फोन कराच, आणि हुशार पोरांनाच नको, जो सारखा वर्गाबाहेर उभा असायचा त्यालाही करा. रागावायची तेही येऊ द्या, नाहीतर ओळखीचे लोक मनात म्हणतील ही कोण बाई.

चर्चशी आधीच बोलून घ्या. कॅथलिक असाल तर मिस्सामध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) प्रवचनाच्या जागी असं भाषण चालत नाही, घरच्या एकाला शेवटच्या निरोपाच्या प्रार्थनेआधी थोडक्यात बोलता येतं, जास्त आठवणी सांगायच्या असतील तर आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत सांगा. बाकी चर्चमध्ये पास्टरना विचारा किती मिनिटं मिळतील.

पाच मिनिटं धरा, म्हणजे पाचशेच्या आसपास शब्द, कारण त्या दिवशी आपण सावकाशच बोलतो. आठवणी तीनच घ्या, नोकरीच्या तारखा वगैरे छापील पत्रिकेत जाऊ दे. प्रिंट मोठ्या अक्षरात काढा, डोळ्यात पाणी आलं की बारीक दिसत नाही. घरी दोनदा मोठ्याने वाचा, आवाज कुठे अडकतो ते कळतं, तिथे थांबायची खूण करून ठेवा. आणि एक कॉपी भावंडाच्या हातात द्या, मला तिसऱ्या ओळीलाच बसावं लागलं, पुढचं बहिणीने वाचलं.