व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला कोणत्या महिन्यात जावं? तारीख ठरवण्याची रीत

कासला जाऊन आलेल्या माणसाच्या डोक्यात फुलांचा महिना म्हणजे सप्टेंबर हे पक्कं बसलेलं असतं. माझ्याही बसलं होतं. म्हणून उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला पहिल्यांदा जाताना मी डोळे झाकून सप्टेंबरचा तिसरा आठवडा धरला. आकाश निळंभोर, रस्ते मोकळे, दरीजवळच्या मुक्कामाच्या घांघरिया गावात मागू ती खोली. आणि दरीत शिरले तर समोर सुकत चाललेल्या दांड्यांचं रान. जवळ जाऊन पाहिलं तर दांड्यांना टपोऱ्या शेंगा लागलेल्या. एका शेंगेला बोट लागायचा अवकाश, ती फट्कन उकलली, सालीची गुंडाळी झाली आणि बिया माझ्या मनगटावर उडाल्या. लहानपणी अंगणातल्या तेरड्याच्या शेंगा अशाच फोडायचो. हा तेरडाच होता, हिमालयातला, माणसाच्या उंचीला लागणारा. ऑगस्टमध्ये तोच उतारच्या उतार गुलाबी करतो. मी जवळजवळ पाच आठवडे उशिरा पोचले होते.

दुसऱ्या खेपेला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गेले, भिजले, आणि जे पाहायला गेले होते ते पाहून आले. तुमची पहिलीच खेप कामी यावी म्हणून तारीख कशी ठरवायची ते क्रमाने सांगते.

१. कासचं गणित बाजूला ठेवा

कास साधारण १,२०० मीटरवर. तिथली फुलं पावसाच्या हिशेबाने येतात, म्हणून पाऊस ओसरू लागला की पठार रंगतं. व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचा मुख्य कुरणाचा भाग ३,३०० मीटरच्या वर आहे. तिथला हिशेब बर्फाचा. बर्फ वितळल्यापासून पुन्हा थंडी पडेपर्यंत जेमतेम चार महिने मिळतात. तेवढ्यात उगवणं, फुलणं, बी धरणं सगळं उरकायचं असतं. त्यामुळे एक फूल आलं की त्यामागून दुसरं, अशी नुसती घाई असते. उद्यान उघडंच असतं १ जून ते ३१ ऑक्टोबर. म्हणजे तुमच्या हातात पाच महिने आहेत, पण फुलांच्या हातात खरे अडीच.

२. काय पाहायचंय ते आधी ठरवा, हवामान नंतर

बहुतेक लोक उलट करतात. पाऊस कधी नाही ते बघतात आणि तिकीट काढतात. पण इथे पाऊस आणि फुलं एकाच वेळी असतात, त्याला इलाज नाही. गिर्यारोहक फ्रँक स्माईथ आणि त्यांचे सोबती १९३१ साली कामेट शिखर चढून परतताना खिंड ओलांडून या दरीत उतरले, ते जुलैच्या पावसाधुक्यातच. त्या धुक्यात पाहिलेल्या फुलांसाठी स्माईथ १९३७ मध्ये पुन्हा आले. कोरड्या हवेच्या शोधात असते तर ही दरी त्यांना वेगळीच दिसली असती.

आता पंधरवड्यांचा हिशेब.

जूनमध्ये दरी बर्फाच्या तावडीतून सुटत असते. वाटेत हिमाचे पट्टे, ओढ्यांवर बर्फाचे पूल. बर्फ मागे सरकेल तसतशी त्याच्या कडेला प्रिम्युला, ॲनिमोन अशी ठेंगणी फुलं उमलतात. बर्फ पाहायची हौस असेल, पावसाची धास्ती असेल तर जूनचा पूर्वार्ध चांगला. पण रंगांचा गालिचा मनात धरून जाऊ नका.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून चित्र झपाट्याने बदलतं. जिरेनियमचा जांभळा, पोटेंटिलाचा लाल-पिवळा, आपल्या सह्याद्रीतल्या सापकांद्याचे भाऊबंद, आणि नशीब असेल तर खडकांच्या आडोशाला निळी हिमालयी पॉपी. जातींची विविधता पाहायची असेल, वाकून एकेक फूल न्याहाळायची सवय असेल, तर जुलैचे शेवटचे दहा दिवस सोन्यासारखे.

ऑगस्टचा पूर्वार्ध म्हणजे भर. आता फुलं उंच झालेली असतात, वाट दोन्ही बाजूंच्या झाडोऱ्यातून जाते. तेरड्याचा गुलाबी रंग नजर पोचेल तिथवर. दरीतून वाहणाऱ्या पुष्पावती नदीच्या गोट्यांतसुद्धा एपिलोबियमचे गडद गुलाबी ताटवे. एकदाच जाणार असाल तर माझं मत विचाराल तर २५ जुलै ते १५ ऑगस्ट. लहान फुलांचा शेवट आणि उंच फुलांचा ऐन बहर या दिवसांत एकत्र गाठता येतो.

ऑगस्ट सरताना दरी बियांकडे वळते, पण वर हेमकुंड या शीख तीर्थक्षेत्राच्या बाजूला ब्रह्मकमळं असतात. आपल्याकडे कुंडीत रात्री फुलणारं आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचं ब्रह्मकमळ ते हे नव्हे. ते निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं अमेरिकेतलं. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ खडकात उगवतं आणि पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या त्याच्या फिकट, कागदी पानांच्या आत जांभळा गुच्छ लपलेला असतो. ते उत्तराखंडाचं राज्यपुष्प आहे. त्याच्यासाठी जात असाल तर ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरची सुरुवात धरा, आणि कृपा करून तोडू नका.

सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हे दिवस फुलांचे नाहीत, डोंगरांचे आहेत. हवा स्वच्छ होते, पावसाळ्यात ढगात बुडालेली हिमशिखरं उघडी पडतात, भूर्जपत्राची झाडं पिवळी होतात. गर्दी नसते. छायाचित्रकारांना आणि गुडघे सांभाळून चालणाऱ्यांना हा काळ मी मनापासून सुचवेन, फक्त फुलांचं नाव काढू नका.

३. उशीर झालाच तर वर चढा

उंचीबरोबर बहर मागे सरकतो, कारण वरचा बर्फ उशिरा वितळतो. घांघरिया सुमारे ३,००० मीटरवर, तर हेमकुंड साहिब ४,३०० मीटरच्या वर. दरीत जी फुलं जुलैत येऊन गेली, त्यांतली काही हेमकुंडच्या वाटेवर ऑगस्टमध्ये भेटतात. तारीख आठवडा-दोन आठवडे पुढे गेली तर दरीचा एक दिवस कमी करून हेमकुंडला जास्त वेळ द्या. लवकर गेलात तर उलट करा.

४. पंचांग उघडा

हे पाऊल मराठी माणूस हमखास चुकतो. आपला श्रावण आणि उत्तरेचा सावन एकाच दिवशी सुरू होत नाहीत. त्यांचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, म्हणून आपल्या आषाढातला वद्य पक्ष हा त्यांचा सावन असतो. गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून दिव्यांच्या अवसेच्या आदल्या दिवसापर्यंत कावड यात्रा चालते आणि दरीच्या वाटेवरचं हरिद्वार लाखो कावडियांनी भरून जातं. रस्ते बंद, वळवलेली वाहतूक, गाड्या मिळायची मारामार. तुमची तारीख त्या पंधरवड्यात, विशेषतः त्याच्या शेवटच्या आठवड्यात, येत असेल तर पुढे ढकला. दिव्यांची अवस उलटली की रस्ता मोकळा होतो, आणि ती बहुतेक वर्षी जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला येते. नेमकी फुलांच्या तोंडावर.

मग दिनदर्शिका पाहा. १५ ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आला की घांघरियात पाय ठेवायला जागा नसते. जूनमध्ये हेमकुंडच्या यात्रेकरूंची गर्दी असते. शक्य असेल तर दरीचे दिवस सोमवार ते गुरुवार येतील असं बसवा.

५. दोन दिवस रिकामे ठेवा

हरिद्वारहून जोशीमठ पावणेतीनशे किलोमीटर, सबंध दिवसाचा प्रवास. पावसाळ्यात या रस्त्यावर दरडी कोसळतात. कधी दोन तासांत रस्ता मोकळा होतो, कधी दुसरा दिवस उजाडतो. शिवाय रात्री डोंगरातली वाहतूक थांबवतात, त्यामुळे संध्याकाळी चारला अडकलात की मुक्काम पडलाच. जुलै-ऑगस्ट निवडणार असाल तर ही किंमत आधीच हिशेबात धरा. ती धरायची नसेल तर महिनाच बदला.

हरिद्वार ते हरिद्वार माझा आराखडा असा: पहिला दिवस जोशीमठ किंवा गोविंदघाट. दुसऱ्या दिवशी गोविंदघाटहून जीपने पुलना गावापर्यंत आणि तिथून साधारण दहा किलोमीटर चढून घांघरिया. तिसरा दिवस दरी. चौथा हेमकुंड. पाचव्या दिवशी पुन्हा दरी. सहावा उतरायला, सातवा परतीला. त्यापुढे दोन दिवस कोरे ठेवूनच परतीचं तिकीट काढा. दरी आधी आणि हेमकुंड नंतर हा क्रम मोडू नका, शरीराला उंचीची सवय व्हायला तो एक दिवस फार उपयोगी पडतो. दरीला दोन दिवस देण्याचं कारणही पाऊसच. एक दिवस धुक्यात गेला तरी दुसरा हाताशी राहतो. सकाळी फाटक उघडताच आत शिरा, बहुधा दुपारपर्यंत ढग वर चढतात. आत मुक्कामाला परवानगी नाही, दुपारनंतर आत सोडतही नाहीत.

सोबत वयस्कर आई-वडील असतील तर हेही पाहा: घांघरिया आणि हेमकुंडपर्यंत खच्चर मिळतं, दरीत खच्चर नेऊ देत नाहीत. तिथे कंडी, म्हणजे माणसाला बसवून पाठीवरून नेण्याची टोपली, मिळते, पण ओल्या दगडांवर तो प्रवास बसणाऱ्याला आणि वाहणाऱ्याला, दोघांनाही जिवावरचा वाटतो. त्यांच्यासाठी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बरा. पाऊस उतरणीला लागलेला असतो आणि फुलं अगदीच संपलेली नसतात.

६. तिकीट काढा, पण त्या वर्षीचा बर्फ विचारा

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यासाठी जूनच्या पहिल्या आठवड्यात संगणकासमोर बसायला हवं. त्याच सुमारास घांघरियातल्या एखाद्या लॉजला फोन करा आणि एवढंच विचारा की यंदा हेमकुंडच्या वाटेवरचा बर्फ किती आहे. हिवाळ्यात आणि वसंतात उशिरापर्यंत बर्फ पडला असेल तर बहर आठवडा-दहा दिवस मागे जातो. तसं असेल तर २५ जुलैऐवजी ५ ऑगस्ट धरा. बर्फ लवकर गेला असेल तर जुलैकडे सरका. हेमकुंड आणि बद्रीनाथसाठी उत्तराखंड सरकारची ऑनलाइन यात्रा नोंदणी लागते, तीही याच वेळी करून टाका.

निघण्याच्या चार दिवस आधी पुन्हा एक फोन करा. आता दोनच प्रश्न: गोविंदघाटपर्यंत रस्ता चालू आहे का, आणि तेरड्याला कळ्या आहेत की फुलं. कळ्या म्हणाले तर खुशाल निघा, तुम्ही पोचेपर्यंत तो उमलायला लागलेला असेल.