पॅरिसच्या मोठ्या रेस्तराँत पहिल्यांदा जाताना

पॅरिसमध्ये बस्तान बसलं, दोन-तीन पगार हातात पडले, की एकदा तरी चांगल्या फ्रेंच रेस्तराँत जेवून या. आई-बाबा आले असतील तर त्यांनाही घेऊन जा. ‘तिथे आपल्याला काय खायला मिळणार’ या धास्तीने आपली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं इथे राहून तिकडे फिरकत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुरुवात दुपारच्या जेवणाने करा. मिशलँ या रेस्तराँना दर्जा देणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकाचे तारे मिळालेल्या अनेक ठिकाणी सोमवार ते शुक्रवारात दुपारचा ठरावीक मेन्यू असतो आणि तो रात्रीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. स्वयंपाकघर तेच असतं. वेळ मात्र पाळा: साडेबारा-एकपर्यंत टेबलाशी हवं, अडीचला गेलात तर कोणी घेणार नाही. रिझर्वेशनला बहुतेकदा कार्डाचा नंबर मागतात आणि न कळवता गेला नाहीत तर पैसे कापतात. म्हणून तारीख ठरवतानाच कालनिर्णय बघा. ऐन वेळी संकष्टी निघायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण काय खात नाही, ते रिझर्वेशन करतानाच लिहून कळवा, आणि नुसतं ‘शाकाहारी’ एवढंच लिहू नका. फ्रेंच स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘फों द व्हो’. वासराची हाडं भट्टीत तांबूस होईपर्यंत भाजायची, गाजर-कांदा-सेलरीबरोबर मंद आचेवर तासन्‌तास उकळायची, गाळायची आणि तो अर्क आटवायचा. पुढे तोच चमचाभर मश्रूमवर, गाजरावर, कधी मसुरातही पडतो. वर तुकडा दिसत नाही, त्यामुळे संशयही येत नाही. मांसाहारी असून गोमांस वर्ज्य असेल, तर हे तुम्हालाही लागू आहे, कारण कोंबडीच्या सॉसमध्येही तो असू शकतो. मूस या फेसाळ गोडात बरेचदा जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला घट्टपणा आणणारा पदार्थ, असतं. कोंते, कामांबेर यांसारख्या पारंपरिक चीजसाठी दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. तेव्हा सरळ लिहा: ‘ज न मांज नी व्यांद, नी प्वासों, नी जेलातीन, नी बुयों द व्यांद.’ मांस, मासे, जिलेटिन आणि मांसाचं पाणी, चारही गोष्टी त्यात आल्या. अंडं चालत नसेल तर तेही जोडा, कारण इथली बहुतेक गोडं अंड्यावरच उभी असतात.

आधी कळवलं की चांगलं स्वयंपाकघर ते मनावर घेतं. टेबलावर बसून सांगितलंत तर त्यांचे हात बांधलेले असतात. सॉस सकाळीच, कधी आदल्या दिवशी तयार झालेले असतात. आणि भाजीला इथे मान नाही असं समजू नका. रू द वारेन या रस्त्यावरच्या ‘लार्पेज’ रेस्तराँला १९९६ साली मिशलँचे तीन, म्हणजे सर्वाधिक तारे मिळाले. तिथले शेफ आलाँ पास्सार यांनी २००१ मध्ये लाल मांस बंद केलं, आणि २०२५ मध्ये मासे, अंडी, दूधदुभतंही काढून टाकलं. स्वतःच्या मळ्यातल्या भाज्यांवर ते रांधतात. खर्च मोठा आहे, पण शाकाहारी आई-बाबांची पंचाहत्तरी असेल तर मी दुसरीकडे बघणार नाही.

आत शिरताच ‘बोंजूर’ म्हणा, मगच पुढचं बोला. वेटरला टाळी किंवा चुटकी कधीही नको. नजरेला नजर मिळाली की ते येतात. वाइन घेत नसाल तर तसं मोकळेपणाने सांगा, कोणी भुवई उंचावत नाही. पाणी विचारलं की बाटली येते आणि ती बिलात लागते. ‘एन कराफ दो’ म्हटलंत तर नळाचं पाणी फुकट देणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे.

दोन पदार्थांच्या मध्ये वीस मिनिटं गेली तरी अस्वस्थ होऊ नका. जेवण तीन तासही चालतं, टेबल तुमचंच असतं. बिल आपणहून आणत नाहीत, तसं करणं ‘उठा आता’ म्हटल्यासारखं समजतात. ‘लादिसियों, सिल वू प्ले’ म्हणून मागावं लागतं. सेवेचा आकार किमतीतच धरलेला असतो, त्यामुळे टीप सक्तीची नाही. मन तृप्त झालं असेल तर पाच-दहा युरो ठेवा आणि निघताना वाढणाऱ्यांना आवर्जून ‘मेर्सी’ म्हणा.