होस्टेलच्या कपाटातली बुरशी अशी घालवली

लेकीला माटुंग्यात होस्टेल मिळालं ते ऐन पावसाळ्यात. सामान न्यायच्या आधी खोली बघून आले, ते फार बरं झालं. लाकडी कपाटाच्या मागच्या फळीवर हिरवट-पांढरी बुरशी, दार उघडताच कुबट वास. जुलैत मुंबईची हवाच ओली. तिथे कपडे ठेवणं शक्यच नव्हतं.

आधी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, मागे हवा खेळावी म्हणून. बुरशी कोरडी झटकायची नाही, बीजाणू खोलीभर उडतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसली, तासाभराने कोरड्या फडक्याने पुन्हा. मग पंखा लावून दारं दिवसभर सताड उघडी. वास पूर्ण गेल्यावरच कप्प्यांत कागद अंथरला.

खाली कॅल्शियम क्लोराइडचा ओलावा शोषणारा डबा ठेवलाय. त्यात साचणारं पाणी कपड्यांवर सांडू द्यायचं नाही, हे तिला बजावून सांगितलं. डांबरगोळ्या मुद्दाम टाळल्या: त्या कसरीसाठी, ओलाव्यावर त्यांचा उपयोग नाही, आणि झोपायच्या खोलीत तो वास नकोच.

ओल्या टॉवेलसाठी खिडकीपाशी दोरी बांधून दिली आहे.