पाळणाघराची वही

एप्रिल २०२४मधल्या एका संध्याकाळी लेकीच्या टोकियोतल्या पाळणाघराच्या वहीत ताईंनी जपानीत लिहिलं होतं की आज तिनं "तात्चि" केलं. फोनवरचं भाषांतर म्हणालं, "स्पर्श केला". कशाला स्पर्श केला, आणि त्यात लिहिण्यासारखं काय होतं? मी आणि बायको बराच वेळ त्या एका शब्दावर अडून बसलो. शेवटी जिन्यात भेटलेल्या शेजारच्या आजींना वही दाखवली. त्यांनी वाचलं, हातातली पिशवी खाली ठेवली, जराशा वाकल्या आणि दोन्ही हात पसरून हळूच सरळ उभ्या राहिल्या. तात्चि म्हणजे बाळाचं आपलं आपण उभं राहणं. आमची दहा महिन्यांची लेक पहिल्यांदा उभी राहिली होती, आणि ते आम्हाला जिन्यात कळलं.

तोवर मला जपानमध्ये पाच वर्षं झाली होती. काम सॉफ्टवेअरचं; कोड, रिव्ह्यू, रोजची मीटिंग, सगळं इंग्रजीत. नवीन येणारी मुलं-मुली विचारायची, जपानी किती लागतं? मी बिनदिक्कत सांगायचो, ऑफिसात काही लागत नाही. आता तसं सांगत नाही. ऑफिसात लागत नाही हे अजूनही खरं आहे, पण मूल झालं की तुमचा दिवस ऑफिसात सुरूही होत नाही आणि संपतही नाही.

आम्ही राहतो निशिकासाइला, टोकियोच्या एदोगावा वॉर्डात. मेट्रोच्या तोझाइ लाइनवरचं स्टेशन, आसपास भारतीय कुटुंबं भरपूर, तूरडाळ आणि कढीपत्ता चालत जाऊन आणता येतो. नवख्या माणसाला हा फार मोठा आधार आहे. त्याचा तोटा एवढाच, की जपानी न शिकताही वर्षानुवर्षं निभावतं.

दिवस राहिल्याचं डॉक्टरांनी सांगितलं की पहिलं काम वॉर्डाच्या कार्यालयात नोंद करणं. तिथं बोशि-तेचो मिळते. आई आणि बाळ या दोघांच्या तब्येतीची ही पुस्तिका पुढं अनेक वर्षं लागते, लशींची नोंदही त्यातच होते. सोबत १४ तपासण्यांची सवलतीची कुपनं मिळतात. ती तपासणीला न विसरता न्यायची. हॉस्पिटलमध्ये बाळंतपणासाठी नाव मात्र लवकर नोंदवा, चांगल्या ठिकाणच्या जागा पहिल्या काही महिन्यांतच भरतात. नैसर्गिक बाळंतपण इथं आजार धरत नाहीत, त्यामुळं ते आरोग्य विम्यात बसत नाही. त्याऐवजी विम्याकडून ५ लाख येन एकरकमी मिळतात (एप्रिल २०२३च्या आधी ही रक्कम ४ लाख २० हजार होती) आणि ते परस्पर हॉस्पिटलला जातात. टोकियोत बिल सहसा त्याच्या वर जातं, तेव्हा लाखभर येन बाजूला ठेवलेले बरे. सिझेरियन झालं तर मात्र विमा लागू होतो.

बाळंतिणीला पाच-सहा दिवस ठेवून घेतात. जेवण निगुतीनं केलेलं असतं, पण शाकाहारी असाल तर आधीच स्पष्ट बोला. भाजीत मासा दिसत नसला तरी सुपाच्या पाण्यात असतोच. नुसतं "मासे नकोत" म्हणून भागत नाही, "दाशि", म्हणजे ते सुपाचं पाणीसुद्धा नको असं सांगावं लागतं.

जपानी मुलीही बाळंतपणाला माहेरी जातात. त्याला सातोगाएरि म्हणतात. नर्सनं बायकोला विचारलं, तुझं माहेर कुठं? साताऱ्याचं नाव ऐकून ती म्हणाली, मग आईला इकडे बोलवा. सासूबाई आल्या त्या ९० दिवसांच्या व्हिसावर. परत जाताना त्यांचा पाय निघत नव्हता. हे आम्हाला फार उशिरा कळलं म्हणून तुम्हाला आधीच सांगतो. साधा इंजिनिअरचा व्हिसा असेल तर आईवडिलांना जास्त काळ ठेवून घेता येत नाही. पण शिक्षण, अनुभव, वय, पगार यांचे ७० गुण भरत असतील तर उच्च कौशल्याचा व्हिसा घ्या. त्या व्हिसावर घरचं वार्षिक उत्पन्न ८० लाख येन असेल, तर सात वर्षांखालच्या मुलाच्या संगोपनासाठी नवऱ्याच्या किंवा बायकोच्या आईवडिलांना आणून सोबत ठेवता येतं. गुण भरत असूनही जुन्याच व्हिसावर राहिलेले कितीतरी जण मला माहीत आहेत. आम्हीही त्यांतलेच होतो.

बाळ जन्मलं की तारखांचा हिशेब सुरू होतो. १४ दिवसांत वॉर्डात जन्माची नोंद, जन्माचा दिवस धरून. त्यात नाव लागतं, म्हणून आमच्याकडे बाराव्या दिवशी बारसं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेलो. नाव ठरवताना ते काताकानात, म्हणजे परदेशी नावांसाठीच्या जपानी लिपीत लिहून बघा. जपानीत र आणि ल वेगळे नाहीत, लीलाची रीरा होते. बालभत्त्याचा अर्जही त्याच फेरीत करा. तीन वर्षांपर्यंत महिना १५ हजार येन मिळतात आणि ऑक्टोबर २०२४पासून उत्पन्नाची अट नाही. मग ३० दिवसांच्या आत शिनागावाच्या इमिग्रेशनमध्ये बाळाच्या व्हिसाचा अर्ज करायचा. पासपोर्टची वाट बघत थांबू नका, तो हातात नसतानाही अर्ज करता येतो. पासपोर्टसाठी कुदानशिताजवळच्या भारतीय वकिलातीत जायचं. इथं जन्मलं म्हणून जपानी नागरिकत्व मिळत नाही, आणि भारतीय नागरिकत्वासाठी वकिलातीत वर्षाच्या आत नोंद व्हावी लागते. हे लांबणीवर टाकू नका.

बापांनो, सुटी घ्या. ऑक्टोबर २०२२पासून बाळ आठ आठवड्यांचं होईपर्यंत वडिलांना चार आठवड्यांची वेगळी सुटी आहे, दोन तुकड्यांतही घेता येते. रोजगार विम्यातून पगाराच्या ६७ टक्के मिळतात. एप्रिल २०२५पासून आईवडील दोघांनीही किमान १४ दिवस सुटी घेतली तर त्यात आणखी १३ टक्क्यांची भर पडते. पण मागच्या दोन वर्षांत १२ महिने विमा भरलेला असावा लागतो. नुकतेच आला असाल तर ही अट आधी तपासा. पैसे सुटीनंतर महिन्या-दोन महिन्यांनी येतात, तोवरची तजवीज हवी. मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिथल्या मॅनेजरनं विचारलं, "पूर्ण चार आठवडे?" मी हो म्हणालो, आणि रिलीज माझ्याशिवाय पार पडली. त्या चार आठवड्यांत मी लेकीला अंघोळ घालायला शिकलो. सासूबाई पायांवर घेऊन घालायच्या, हॉस्पिटलमध्ये टबात घालायला शिकवलं होतं. मला दोन्ही येतं.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, बीसीजी दिली का? भारतात ती जन्मल्याबरोबर देतात. इथं पाच महिने झाल्यावर, ९ सुयांचा शिक्का दोनदा दाबून. दंडावर १८ ठिपके उठतात, घाबरू नका. आणखी एक, घरात शेक-शेगडीची धुरी करू नका. छतावरचा धुराचा अलार्म मोठ्या आवाजात "आग, आग" म्हणून ओरडतो आणि मजला गोळा होतो. अळिवाचे लाडू मात्र खुशाल करा.

आता पाळणाघर, म्हणजे होइकुएन. सरकारमान्य होइकुएनमध्ये मुलं मुख्यतः एप्रिलमध्ये घेतात आणि अर्ज त्याच्या आधीच्या हिवाळ्याच्या तोंडावर, साधारण नोव्हेंबरात असतात. दोघांच्या नोकरीच्या तासांवर गुण मिळतात, त्यासाठी कंपनीचा दाखला लागतो. तो देताना कंपन्या वेळ लावतात, महिनाभर आधी मागा. शुल्क उत्पन्नावर ठरतं. तीन वर्षांपुढच्या मुलांना ऑक्टोबर २०१९पासून ते माफ आहे, आणि टोकियोत सप्टेंबर २०२५पासून पहिल्या मुलालाही लहान वयातच माफ झालं. पहिले एक-दोन आठवडे मूल तासभर, मग दोन तास असं रुळवतात. त्या काळात दोघांपैकी एकाला घरी राहावंच लागतं.

मग ताप. ३७.५ अंश सेल्सिअस झाला की फोन येतो आणि मूल न्यावं लागतं. पहिले दोन महिने आमच्याकडे दर आठवड्याला फोन आला. जपानी आईवडील याला पाळणाघराचा बाप्तिस्मा म्हणतात. टोकियोच्या वॉर्डांत मुलांच्या डॉक्टरचे पैसे पडत नाहीत, पण वेळ तर जातोच. कायद्यानं एक मूल असेल तर त्याच्या आजारपणासाठी वर्षाला पाच दिवस सुटी आहे, तिचा पगार मिळेलच असं नाही. म्हणून नोकरीच्या मुलाखतीत फ्लेक्स, म्हणजे कामाच्या लवचिक वेळा, आणि घरून कामाचं नीट विचारा. पगारात थोडं कमी असलं तरी चार वाजता लॅपटॉप मिटू देणारी टीम घ्या. मी तेच केलं. रात्री-अपरात्री शंका आली तर #८०००वर मुलांच्या आजाराबद्दल फोनवर सल्ला मिळतो.

आणि वही, रेनराकुचो. रोज सकाळी ताप, झोप, शी, काय खाल्लं, सगळं लिहायचं. माझं पहिलं जपानी वाक्य त्यात आहे, "किनो वा योकु नेमाशिता", काल छान झोपली. मग हानामिझु म्हणजे शेंबूड, सेकि म्हणजे खोकला, गेरि म्हणजे जुलाब. जपानीच्या परीक्षेच्या पुस्तकांत यांतलं फारसं भेटत नाही, आणि बाळांचे शब्द तर मुळीच नाहीत. नेन्ने म्हणजे गाई करणं, वानवान म्हणजे भूभू, दाक्को म्हणजे कडेवर घेणं. सुरुवातीला मी फोनवरून उतरवून काढायचो, रोज वीस मिनिटं जायची. वर्षभरात पाचांवर आली.

एकदा मी आपणहून प्रश्न लिहिला. घरी ती भूक लागली की मंमं म्हणते, तुम्हाला ते कळतं का? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईंचं उत्तर आलं होतं. इथली सगळी बाळं जेवणाला मंमाच म्हणतात, आम्हाला वाटलं ती आमच्याकडूनच शिकली.