मातीतील उपलब्ध जस्त कसे मोजावे
सावलीत वाळवलेली माती लाकडी खलबत्त्यात कुटून नायलॉनच्या चाळणीने चाळावी. पितळी चाळणी किंवा रबरी बूच वापरल्यास त्यांतले जस्त नमुन्यात उतरते आणि पुढची सारी मेहनत वाया जाते. १० ग्रॅम मातीत ७.३ सामूचे (पीएच) २० मिलि डीटीपीए द्रावण (मातीतील उपलब्ध जस्त ओढून घेणारे रसायन) घालून बरोबर २ तास हलवावे व लगेच गाळावे. अणुशोषण वर्णपटमापकात (प्रकाशाच्या शोषणावरून धातूचे प्रमाण मोजणारे यंत्र) जस्ताचा दिवा लावून, हवा-ॲसिटिलीनची ज्योत स्थिरावल्यावर, २१३.९ नॅनोमीटरवर आधी कोरे (माती न घातलेले) द्रावण, मग डीटीपीएमध्येच (साध्या पाण्यात कदापि नव्हे) बनवलेली, जस्ताचे प्रमाण ठाऊक असलेली प्रमाण द्रावणे आणि शेवटी नमुने मोजावेत. नमुन्याचे वाचन प्रमाण द्रावणांवरून काढलेल्या आलेखाबाहेर गेल्यास नमुना विरल करावा, आलेख अंदाजाने वाढवू नये. कोऱ्याचे वाचन वजा करून आलेल्या पीपीएमला (दहा लाख भागांतील भाग) २ ने (२० मिलि ÷ १० ग्रॅम) गुणावे, उत्तर ०.६ पीपीएमपेक्षा कमी असल्यास सामान्यतः जस्ताची कमतरता मानतात.