परवडणारी बेस गिटार: घेणे, सुधारणे आणि तिचा आवाज पारखणे

दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीत ॲम्प्लिफायर कोपऱ्यात ठेवून बेस गिटारची ए तार मोकळी छेडली, तर बाकीच्या स्वरांच्या मानाने तो एकच स्वर घुमतो आणि गिटारमध्येच काही खोट आहे, अशी ऐकणाऱ्याची समजूत होते. कोपरखैरण्याच्या घरात मी ही समजूत जवळजवळ वर्षभर बाळगली, तिच्यापायी चांगला चालणारा पिकअप (तारेचे कंपन विजेच्या रूपात पकडणारा भाग) काढून दुसरा बसवला, आणि घुमणे होते तसेच राहिले. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये 3.05 मीटर, म्हणजे दहा फूट, अंतर असेल तर त्यांच्यामध्ये 56 हर्ट्झच्या आसपासचा स्थिर तरंग उभा राहतो. मोकळ्या ए तारेची मूळ कंपनसंख्या 55 हर्ट्झ आहे. खोली चौरस असली की लांबी आणि रुंदी या दोन्हींचा हिशेब एकाच आकड्यावर येतो आणि घुमारा आणखी वाढतो. भिंतीला पाठ टेकून बसल्यास तो स्वर फुगलेला ऐकू येतो, तर खोलीच्या मधोमध खुर्ची ठेवल्यास तोच स्वर हरवतो. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी आपण नेमके काय ऐकत आहोत, हे ठरवणे भाग आहे.

घरात पारख करायची असेल तर ॲम्प्लिफायर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून थोडा दूर, स्टुलावर ठेवावा, आणि त्याहून बरे म्हणजे गिटार संगणकाला जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसमधून थेट हेडफोनवर ऐकावे, कारण त्या वेळी खोली मध्ये येत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर दोन गिटारींची तुलना मुळीच करू नये. सर्वांत जाड ई तारेची मूळ कंपनसंख्या 41 हर्ट्झ आहे आणि तो चिमुकला स्पीकर तिच्या जवळपासही पोहोचत नाही. आपल्याला ऐकू येतात ते वरचे स्वरांश, आणि मूळ स्वर आपला मेंदू अंदाजाने भरून काढतो. दुसरी फसगत आवाजाच्या पातळीची. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच मोजून दाखवले होते. शेजाऱ्यांच्या भीतीने रात्री दहानंतर अगदी बारीक आवाजात वाजवणाऱ्या माणसाला आपली गिटार पातळ आणि निर्जीव वाटते, त्यात गिटारचा काही अपराध नसतो. त्याच कारणाने, दोन वाद्यांपैकी जे किंचित मोठ्याने वाजते तेच सरस वाटते, तेव्हा तुलना करण्याआधी दोन्हींची पातळी सारखी करून घ्यावी.

खरेदीच्या बाबतीत फार घोळ घालण्याचे कारण नाही. यामाहा टीआरबीएक्स 174, आयबानेझची जीएसआर मालिका, स्क्वायर ॲफिनिटी आणि कॉर्ट ॲक्शन या नावांभोवतीच परवडणाऱ्या नव्या गिटारींचा बाजार फिरतो आणि यांपैकी कोणतीही नीट जुळवलेली असल्यास कार्यक्रमात उभी राहते. ठाण्याहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून धोबी तलावाच्या वाद्यांच्या दुकानांपर्यंत चालत जावे, कारण एकाच मॉडेलच्या दोन गिटारींतही फरक असतो आणि तो हातात घेतल्याशिवाय कळत नाही. दुकानात गिटार आधी वायर न लावता वाजवावी. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या, आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबून ऐकावी, बॉडीला कान लावावा, पट्टा अडकवून हात सोडून पाहावे आणि डोके जमिनीकडे झुकते का ते बघावे. हे झुकणे ज्यांना क्षुल्लक वाटते त्यांनी अडीच तासांचा वाद्यवृंद डाव्या हाताने नेक उचलून धरत वाजवून पाहावा. जुनी गिटार घेताना ट्रस रॉडला (नेकचा बाक जुळवणाऱ्या आतल्या सळईला) दोन्ही दिशांना थोडा वाव उरला आहे का, नेकला पीळ पडला आहे का आणि पहिल्या पाच फ्रेटांवर तारांचे खड्डे किती खोल आहेत, एवढे तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत. खरखरणारे पॉट (आवाज आणि टोनच्या कळींखालचे भाग) आणि सैल जॅक (वायर खोचण्याची जागा) हे किरकोळ दोष असून त्यांच्यावर किंमत मात्र कमी करून घेता येते. सर्वांत बारीक जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझत असेल तर घाबरू नये. स्क्रूने जोडलेल्या लांब नेकच्या महागड्या गिटारींतही ते आढळते.

घरी आणल्यावर पहिले काम नव्या तारांचे, आणि त्यापाठोपाठ सेटअपचे, म्हणजे नेकचा बाक, तारांची उंची आणि लांबी जुळवण्याचे. स्वस्त गिटार म्हणजे बहुधा घाईत बाहेर पडलेली गिटार, आणि कारखान्याने वाचवलेला तेवढा तास आपण स्वतः खर्च करायचा असतो. क्रम मात्र मोडू नये, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला हलवते. तारा नेहमीच्या पट्टीत जुळवून ई तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी, आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट पाहावी, ती 0.3 ते 0.4 मिलिमीटर असावी, म्हणजे साधे व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकावे. फट जास्त असल्यास ट्रस रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळावा, कमी असल्यास उलट फिरवावा, पण एका वेळी फेऱ्याच्या आठव्या भागापेक्षा जास्त नाही, आणि दर वेळी तारा पुन्हा जुळवून पाहावे. जोर लावावा लागत असेल तर तिथेच थांबून जाणकाराकडे जावे. मग बाराव्या फ्रेटवर ई तारेची उंची सुमारे अडीच आणि जी तारेची सुमारे दोन मिलिमीटर येईल अशी ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती सॅडल वर-खाली करावीत. त्यानंतर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसते बोट टेकवून काढलेला स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहावेत. दाबलेला स्वर चढा येत असेल तर सॅडल मागे सरकवून तार लांब करावी, उतरत असेल तर पुढे घ्यावे.

पिकअपची उंची ही फुकटची सुधारणा असून तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून ई तारेखाली पावणेतीन आणि जी तारेखाली दोन मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी. पिकअप फार जवळ आणल्यास आवाज मोठा होतो, पण चुंबक तारेला ओढू लागते आणि वरच्या फ्रेटांवर स्वर डळमळतो. चारही तारा सारख्या ऐकू येईपर्यंत अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने स्क्रू फिरवत राहावे.

ठाणे आणि नवी मुंबईच्या खाडीकाठच्या हवेत हे सगळे वर्षातून एकदा करून भागत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला नेकचा बाक बदलतो आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा बदलतो, तेव्हा दोन्ही वेळा ती कार्डाची परीक्षा घ्यावी. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसणे आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे एवढ्याने गंज बराच लांबतो. तारांची निवड आवाजात जेवढा फरक पाडते तेवढा फरक पाडणारा दुसरा कोणताही स्वस्त बदल मला ठाऊक नाही. निकेलच्या राउंडवाउंड (गोल वेटोळ्याच्या) तारा चमकदार आणि किंचित खरखरीत बोलतात, तर फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्याच्या) तारा गोल, भरीव आणि लवकर थांबणारा स्वर देतात. मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत बेस वाजवणारे जेम्स जेमरसन जाड फ्लॅटवाउंड तारा लावत आणि त्या क्वचितच बदलत. जुन्या मराठी-हिंदी गाण्यांना साथ करणाऱ्याने पिकअपच्या जाहिराती वाचण्याआधी फ्लॅटवाउंडचा एक संच लावून पाहावा.

आता ॲम्प्लिफायरमधून येणाऱ्या विजेच्या घरघरीबद्दल. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा ‘जी’ हा स्वर 49 हर्ट्झचा, त्यामुळे ही घरघर बेसच्या अगदी कुशीत येऊन बसते. फेंडरच्या जॅझ बेस या मॉडेलच्या धर्तीच्या गिटारीत दोन्ही पिकअप सारख्या आवाजावर ठेवले की ती बरीचशी कटते, कारण दोघांची गुंडाळी आणि चुंबकाची दिशा परस्परविरुद्ध असते; फेंडरच्याच प्रिसिजन बेसचा 1957 पासूनचा दुभंगलेला पिकअप हेच काम एकट्याने करतो. उरलेल्या खरखरीसाठी आतल्या खाचांना तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला सोल्डरने जोडावी. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर ब्रिजची ग्राउंड वायर शाबूत आहे, असे समजावे. पण तारांना किंवा माइकला हात लागताच झिणझिण्या आल्या तर वाजवणे ताबडतोब थांबवावे आणि सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे. मंडपात तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमधून चालवण्याची जी सवय आहे, तिच्यापुढे कोणी कितीही मोठा आयोजक असला तरी नकारच द्यावा.

यानंतरही समाधान नसेल तरच सुटे भाग बदलावेत. सिंगल कॉइलसाठी (एकाच गुंडाळीच्या पिकअपसाठी) 250 किलोओहमचे चांगले पॉट आणि टोनसाठी 0.047 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. तो साधाच घ्यावा, कारण टोनची कळ पूर्ण उघडी असताना कपॅसिटर कोणता आहे याने जवळजवळ काहीच बिघडत नाही. पिकअप बदलताना हे लक्षात ठेवावे की ब्रिजपासून तो किती अंतरावर बसला आहे, हे त्याच्या नावापेक्षा जास्त बोलते, आणि ते अंतर लाकूड कोरल्याशिवाय बदलत नाही. लाकूड कोरू नये. बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प (गिटारमध्येच सिग्नल वाढवणारे सर्किट) बसवल्यास वायर गिटारला लावलेली असेपर्यंत 9 व्होल्टची बॅटरी खर्च होत राहते, म्हणून वाजवणे संपले की वायर काढावी. जड ब्रिजने स्वर लांबतो असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला तो फरक डोळे मिटून कधी ओळखता आला नाही.

असे ओळखून पाहणे हीच खरी परीक्षा आहे. बदलाआधी आणि बदलानंतर तीच चार मात्रांची ओळ, त्याच तारांवर, त्याच बोटांनी, पाच-पाच वेळा मुद्रित करावी, पातळ्या सारख्या कराव्यात आणि मित्राला फायलींची नावे बदलून क्रम उलटसुलट करायला सांगावे. नवे कोणते हे दहापैकी सहा-सात वेळाच सांगता आले, तर तो बदल कानाने ऐकला असे म्हणता येत नाही, कारण नाणे उडवूनही तेवढे साधते.

आणि हीच ओळ एकदा तबला-ढोलकीसोबत ऐकावी. एकट्याने वाजवताना खालचे स्वर वाढवून मिळणारा मखमली आवाज डग्ग्याच्या घुमाऱ्याशी भिडतो आणि दोघेही गढूळ होतात. सभागृहात मागच्या रांगेपर्यंत स्वर ओळखू येतो तो 400 ते 800 हर्ट्झच्या पट्ट्यामुळे, आणि घरी हेडफोनवर तो पट्टा नकट्यासारखा वाटतो. तालमीच्या वेळी एखाद्या गायकाला मागे जाऊन उभे राहायला सांगावे, बेसची कळ किंचित कमी, मिडची किंचित जास्त करावी आणि चाल ओळखू येते का, एवढेच त्याला विचारावे. काढलेले मूळ पॉट, पिकअप आणि स्क्रू चिठ्ठी लावून एका डब्यात जपून ठेवावेत, कारण पुढे गिटार विकताना घेणारा माणूस तुमच्या सुधारणांचे पैसे देत नाही, मूळ भाग हरवल्याचे मात्र कापून घेतो.