धाकट्या भावंडाला गेम बनवायला शिकवताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते, कारण ती मीच केली: माऊस स्वतःच्या हातात घेतला. भाऊ पाचवीत. त्याला स्क्रॅचमध्ये, म्हणजे सूचनांचे ठोकळे (ब्लॉक) जोडून गेम बनवायच्या प्रोग्रॅममध्ये, आंबे झेलायचा गेम करायचा होता. वरून आंबा पडतो, खाली टोपली डावी-उजवीकडे सरकते. अर्ध्या तासात गेम तयार झाला, पण तो माझा होता. दुसऱ्या दिवशी "टोपली जरा जोरात पळव" म्हटलं, तर कुठे हात घालायचा हेच त्याला कळेना. आम्ही सगळं पुसून पुन्हा सुरू केलं. आता माऊस त्याच्याकडे आणि माझे हात मांडीवर.

पुढे अडचणी आल्या, त्या बहुतेक सगळ्या घरांत येतील अशा आहेत.

आंबा टोपलीत पडतो, पण गुण वाढत नाही. 'इफ'चा (अट तपासणारा) ब्लॉक 'फॉरएव्हर'च्या (आतलं सगळं पुन्हा पुन्हा करत राहणाऱ्या ब्लॉकच्या) बाहेर राहिलाय का बघा. बाहेर असेल तर हिरवा झेंडा (गेम सुरू करायचं बटण) दाबताच एकदाच तपासणी होते, आणि तेव्हा आंबा अजून वरच असतो. उत्तर सांगून टाकू नका. "कॉम्प्युटरने किती वेळा बघितलं असेल?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. भावाला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं माझ्यासाठी फार अवघड गेली, पण लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा कोड, त्याला त्यातच समजला.

मग उलटी तक्रार: "ताई, एका आंब्याला आठ गुण!" लूप सेकंदाला साधारण 30 वेळा फिरतो. आंबा टोपलीला टेकलेला असेपर्यंत दर फेरीला गुण मिळत राहतो. म्हणून गुण वाढला की लगेच आंबा वर पाठवायचा.

हा 'वर' म्हणजे नेमका कुठे, इथे आम्ही खरे अडकलो. स्क्रॅचचा पडदा 480 रुंद, 360 उंच आणि शून्य मधोमध. म्हणजे डावी कड उणे 240. पाचवीच्या मुलाला ऋण संख्या माहीत नसतात, आणि मी त्या माहीत असतील असं गृहीत धरलं होतं. फळ्यावर समजावण्यापेक्षा आंबा माऊसने ओढायला सांगा. पडद्याखाली एक्स आणि वायचे आकडे बदलताना दिसतात. मधली रेघ ओलांडली की उण्याचं चिन्ह उगवतं, ते त्याने स्वतः शोधलं.

आंब्याऐवजी टोपलीच पडायला लागली, तर कोड चुकीच्या स्प्राइटवर (पडद्यावरच्या चित्रावर) चढलाय. बाण दाबून ठेवल्यावर टोपली अडखळत सरकत असेल, तर 'की दाबल्यावर' हा ब्लॉक काढा आणि तीच तपासणी 'फॉरएव्हर'मध्ये 'इफ' वापरून करा.

टोपली रंगवण्यात त्याने दोन संध्याकाळी घालवल्या. तेव्हा "आता कोड कर" म्हणू नका. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून नासका आंबा काढला आणि मला विचारलं, "हा झेलला तर उणे पाच करू?"